हिरवी जाळी

"ओ पावणं, उठा की. अकराची वेळ माझी हाय."

श्रुती दचकली. आता दचकणं ही तिच्या बाबतीत काही बातमी नव्हती म्हणा. कुकरची शिट्टी झाली तरी ती दचकायची. वडील अण्णासो कळंबा जेलमध्ये हवालदार. दिवसभर कुलपं ओढून बघायची आणि घरी आल्यावरही दाराची कडी तीनदा चाचपायची. आई शालन त्यांच्याही वरताण. झोपण्याआधी गॅसचं बटण चारदा बघणार. अशा घरातल्या लेकीला भिण्यासाठी वेगळं कारण लागत नाही.

विद्यापीठातल्या तिच्या विभागाच्या कॉम्प्युटर रूममधला एसी त्या दिवशी इतका गार सुटला होता, की तिनं जर्किनची टोपी कपाळापर्यंत ओढून घेतली होती. मागून येणाऱ्याला ती पावणं वाटली, तर त्यात त्या बिचाऱ्याचा दोष नव्हता. ती वळली, आणि दारात उभा असलेला उंच, सावळा, अर्धा भिजलेला मुलगा एकदम गडबडला.

"मला वाटलं... म्हणजे, त्या टोपीमुळं..."

"अकरा ते एक मी बसलो हाय," श्रुती म्हणाली. कोल्हापूरची पोरगी ती. 'मी बसले, मी आले' हे तिच्या तोंडी फक्त तोंडी परीक्षेत यायचं. "रजिस्टर बघा."

सबंध विभागात चांगलं ग्राफिक्स कार्ड असलेलं मशीन एकच, आणि त्याच्या वेळांचं रजिस्टर शिपाई गुंडूमामांच्या ताब्यात. मामांनी चष्मा वर सरकवून पाहिलं. अकरा ते एकच्या रकान्यात दोन नावं होती, दोन्ही त्यांच्याच अक्षरात.

"मशीन एक असलं म्हणून काय झालं, खुर्च्या दोन हायत की," मामा म्हणाले. "बसा दोघं."

असा प्रसेनजीत तिच्या शेजारी येऊन बसला. जयसिंगपूरचा. रोज एसटीनं ये-जा. त्याच्या शर्टाला पावसाचा आणि एसटीच्या सीटचा वास येत होता, आणि आवाज असा, की हळू बोलला तरी पलीकडच्या प्रयोगशाळेत ऐकू जावा. पीएच.डी.चं तिसरं वर्ष. विषय काय, तर म्हशीच्या कासेला दगडी रोग करणारा जंतू.

"आमची मोना व्हती," तो म्हणाला. "दगडी झाली आनि दोन सडं गेली तिची. आई आठवडाभर जेवली न्हाय. तवाच ठरवलं, ह्या जंतूचं काय तरी करायचं."

मोना म्हणजे म्हैस हे कळायला श्रुतीला दोन मिनिटं लागली. मग तिला हसू आलं, आणि नेमकं तेव्हाच तो तिच्याकडं बघत होता. तिनं घाईघाईनं स्क्रीनकडं तोंड फिरवलं.

त्याचं काम ऐकायला सोपं होतं. त्या जंतूच्या एका प्रथिनाला खाच असते. त्या खाचेत आपला औषधाचा रेणू जाऊन बसला, की जंतूचं दुकान बंद. पण रेणू बसलाय की नाही हे बघायचं कसं? प्रथिनाचे स्फटिक करायचे, त्यांच्यावर क्ष-किरण सोडायचे, आणि गणितं करून घनतेचा नकाशा काढायचा. तो काढण्यासाठी कॉम्प्युटर लागतो, आणि इथं प्रसेनजीतची गाडी अडली होती. श्रुतीचं तर तेच काम. विभागातल्या सगळ्यांसाठी ती स्क्रिप्ट लिहून द्यायची. बटण दाबलं की नकाशा उघडेल, रंग चढतील, खाच समोर येईल, फोटो निघेल.

"ही निळी जाळी दिसते ना, इथं अणू आहेत," तिनं समजावलं. "हिरवी दिसली, तर समजायचं इथं काहीतरी आहे पण तुम्ही अजून बसवलेलं नाही. लाल म्हणजे बसवलंय, पण तिथं ते नाहीच."

"आनि हे चाक फिरवलं की?"

"पातळी बदलते. वर नेली की फक्त खरं उरतं. ती सिग्मात मोजतात. तीन सिग्माच्या वर जे उरेल त्यावरच हिरव्याच्या बाबतीत विश्वास ठेवायचा. खाली आणली की कचरा वर येतो. मग काय, आकाशातल्या ढगांत माणसाला हवं ते दिसतंच की."

"तुमाला काय दिसतं ढगात?"

"मी वर बघत नाही," श्रुती म्हणाली. "ठेच लागंल म्हणून भ्या वाटतं."

तो इतक्या मोठ्यानं हसला, की गुंडूमामा डोकावून गेले. तिलाही बरं वाटलं. घाबरटपणाला एवढं प्रेमानं कुणी हसलं नव्हतं.

पुढं मामांच्या रजिस्टरात अकरा ते एकच्या रकान्यात रोजच दोन नावं पडू लागली. मामांनी कारण विचारलं नाही. 'तुम्ही'चं 'तू' जुलैत झालं. तो बोलताना हातवारे करायचा, आणि कोपर तिच्या कोपराला लागलं की दोघंही एकदम स्क्रीनकडं फार लक्ष द्यायची.

ऑगस्टात एकदा त्यानं विचारलं, "खाली आनली पातळी की नेमकं कसं फसतंय गं? दाखव की." तिनं स्क्रिप्टमध्ये एक ओळ घातली, पातळी एक पॉइंट दोन, आणि बटण दाबलं. हिरवी जाळी ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तशी सगळीकडं उसळली. "बघ, असं फसतंय," ती म्हणाली. तेवढ्यात मामा कांदाभजी घेऊन आले, प्रसेनजीतनं पहिलं गरम भजं फुंकर घालून तिच्यापुढं धरलं, आणि तिनं सेव्हचं बटण दाबून फाइल मिटली.

आठवड्यानं त्याच्या नव्या स्फटिकांचा नकाशा आला. श्रुतीच्या स्क्रिप्टनं खाच समोर आणली, आजूबाजूची जाळी कातरून टाकली, आणि मधोमध उरली हिरवी जाळी. हुबेहूब त्याच्या रेणूच्या आकाराची. कोपऱ्यात लिहिलेलं होतं: ३.० सिग्मा.

"बसलाय," तो म्हणाला. मग आवाज चढला. "श्रुती, बसलाय गं तो!" आणि आपण काय करतोय हे कळायच्या आत त्यानं तिचा हात धरला. धरला तो सोडला नाही. तिनंही सोडवून घेतला नाही.

बोलायचं मात्र दोघांचंही राहूनच गेलं.

ऑक्टोबर उजाडला. शनिवारी हैदराबादहून समिती येणार होती. दोन वर्षांची शिष्यवृत्ती, तिथल्या मोठ्या प्रयोगशाळेत काम. नकाशाचे आकडे जरा सैल होते, पण त्याच्या गाइड मॅडम म्हणाल्या, "रेणू थोडा हलता असेल. चित्र बघा ना, चित्र किती स्वच्छ आहे." त्या एका चित्रावर प्रसेनजीतचं सगळं उभं होतं.

मंगळवारी श्रुती ते चित्र स्लाइडसाठी मोठं करायला बसली. बाहेर परतीचा पाऊस गडगडत होता. अक्षरं ठळक करावीत म्हणून तिनं स्क्रिप्ट उघडली, आणि कोपऱ्यातल्या ३.०च्या जागी सहज ४.० करून बघितलं. अक्षरं बदलली. जाळी हलली नाही.

असं व्हायला नको होतं. पातळी वाढली तर जाळी बारीक व्हायला हवी. ती ओळी वाचत खाली गेली. कोपऱ्यातलं '३.०' नकाशातून येत नव्हतं. ते तिनंच कधीतरी हातानं टाइप केलेलं होतं. आणि त्याच्याखाली सात ओळींवर: पातळी १.२. शेजारी तिचीच टीप. 'प्रसेनजीतला दाखवायला. नंतर काढणे.'

तिनं ती टीप दोनदा वाचली.

जाळी कातरल्यामुळं आजूबाजूचा कचरा कुणाला दिसला नव्हता. रेणूच्या जागेपुरता जेवढा उरला, त्याचा आपोआप रेणूचा आकार झाला होता. माउसचं चाक एकदा फिरवलं असतं, तर दोन महिन्यांपूर्वीच कळलं असतं. पण तिच्या ३.०वर त्याचा देवासारखा विश्वास, आणि स्वतःच्या आनंदाला कोण खरवडून बघतं? आता तिनं ते चाक फिरवलं. दोन सिग्माला जाळीचे तुकडे झाले. अडीचला एक ठिपका राहिला. तीनला खाच मोकळी.

दिवसातून दहा वेळा भिणाऱ्या त्या मुलीला त्या दिवशी कळलं, की आपण आजवर खरं भ्यालोच नव्हतो.

सांगितलं तर त्याचं हैदराबाद जाणार. नाही सांगितलं तर तो शनिवारी चारचौघांत खोटं चित्र दाखवणार, खरं समजून. आणि सांगायचं तरी कसं? परवाच ती बोलून गेली होती, "दोन वर्षं म्हणजे लई होतात रे." आता तो म्हणणार नाही का, की मी जाऊ नये म्हणून हिनं हे उकरून काढलं? शिवाय त्या चित्रापायीच त्यानं हात धरला होता. चित्र गेल्यावर हात कशाला उरेल? त्याचं ते बघणं, भज्यावर घातलेली फुंकर... हेही आपण पातळी खाली आणूनच बघत आलो असू तर?

बुधवारी ती ताप आलाय म्हणून घरी राहिली. खोटं बोललेलं लगेच पचेना आणि संध्याकाळी खरंच अंग तापलं. प्रसेनजीतचे चार फोन आले. तिनं उचलले नाहीत.

"पोरी, कुनी तरास देतंय का?" अण्णासोंनी विचारलं. "नाव सांग नुसतं. आत घालतो."

"मीच द्यायला लागलोय, अण्णा," ती म्हणाली आणि पांघरुणात तोंड घालून रडली. अण्णासोंनी त्या दिवशी कडी पाच वेळा बघितली.

गुरुवारी ती आली. तो आधीच बसला होता, तिच्यासाठी शेजारची खुर्ची ओढून. तिनं खुर्चीला हात लावला नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, स्क्रिप्ट उघडून ती ओळ दाखवली, टीप दाखवली. एक वाक्य तिला दोनदा म्हणावं लागलं.

प्रसेनजीत टीप वाचत राहिला. मग हळूच म्हणाला, "रेणू काढून टाक. नकाशा परत मोजू."

हीच खरी परीक्षा असते. जाळीवर विसंबून नंतर बसवलेला रेणू काढायचा, खाच रिकामी ठेवायची, आणि कॉम्प्युटरला पुन्हा विचारायचं: सांग, इथं कुणी होतं का? असेल तर हिरवं उगवतं. उत्तर यायला पाऊण तास लागणार होता.

ती शेवटी बसली. बाहेर वीज कडाडली, दिवे गेले, मशीनचा यूपीएस टीं-टीं करायला लागला. पडद्याच्या उजेडात त्याचा चेहरा तिला वाचता येईना.

"कवा कळलं तुला?"

"मंगळवारी."

"आज गुरवार."

"तुला वाटंल, मी मुद्दाम... तू जाऊ नयेस म्हणून."

तो पडद्यावरची, काम किती झालं ते दाखवणारी पट्टी बघत राहिला. गप्प बसलेला प्रसेनजीत तिनं कधी पाहिलाच नव्हता, आणि तो तिला विजेपेक्षा भयंकर वाटला. दिवे आले. पट्टी शंभरावर पोचली. त्यानं स्वतः पातळी तीनवर लावली.

खाचेत काही नव्हतं. तो चाक फिरवून खाली गेला, वर आला, पुन्हा खाली गेला. पूर्ण पडद्यावर हिरवा कचरा तेवढा दिसत होता, जसा कुठंही दिसतो.

"बरं," तो म्हणाला. बॅग उचलली आणि निघून गेला.

शुक्रवारी तो आला नाही. मामांनी रकान्यात दोन नावं लिहिली होती, त्यातलं एक त्यांनी खोडरबरानं पुसलं. श्रुतीनं ते बघितलं आणि पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर गेली. सगळं संपलं, असं तिला वाटलं.

शनिवारी ती सभागृहात शेवटच्या बाकावर बसली, दाराजवळ, म्हणजे पळता येईल. पुढं समितीचे तिघं. मधल्या बाईंचे केस पांढरेशुभ्र. प्रसेनजीत इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता आणि त्याच्यामागं पडद्यावर तेच चित्र: हिरवी जाळी, रेणू, ३.०. म्हणजे तो हेच दाखवणार? आणि आपण गप्प बसायचं?

"हे चित्र मी दोन महिने सगळ्यांना दाखवत होतो," तो म्हणाला. "हे चूक आहे."

त्यानं तिथंच सॉफ्टवेअर उघडलं, सगळ्यांसमोर चाक फिरवलं. जाळी फाटली, आटली, गेली. मॅडमनी कपाळाला हात लावला.

"रेणू खाचेत नाही. म्हणजे तो बसत नाही, किंवा आमचे स्फटिक त्याला बसू देत नाहीत. पुढं काय करायचं ते मी लिहून आणलंय," तो म्हणाला. तेवढ्यात समितीतल्या एकांनी चष्मा काढला.

"हे चित्र काढणारी स्क्रिप्ट कुणाची?"

"चित्राखाली नाव माझं आहे, सर. चाक फिरवून बघायचं काम माझं होतं."

"मी स्क्रिप्टचं विचारतोय."

"नाव माझं आहे, सर," तो पुन्हा म्हणाला. मागं बघितलं नाही.

दार तिच्या उजव्या हाताला होतं, दोन पावलांवर. श्रुती उभी राहिली. तिनं पुढच्या बाकाची पाठ घट्ट धरली.

"स्क्रिप्ट माझी आहे. मी पातळी खाली आणून ती ओळ काढायला विसरले. आणि लेबल हातानं लिहिलं होतं, म्हणून याला कळायला मार्ग नव्हता."

पांढऱ्या केसांच्या बाईंनी तिच्याकडं मान वळवली. "सापडलं कुणाला?"

"मलाच."

"बसा," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती. तासाभरानं निकाल लागला. या वर्षी नाही. नव्या स्फटिकांचा नकाशा घेऊन पुढच्या वर्षी या.

ती बाहेर आली, तेव्हा प्रसेनजीत पायऱ्यांवर उभा होता. पाऊस बारीक झाला होता. ती त्याच्या दोन पायऱ्या वर थांबली. त्याहून जवळ जायचा धीर होईना.

"रागावलायस?"

"व्हय."

सरळ उत्तराची तिला सवय होती, तरी डोळे भरून आले. "हैदराबाद गेलं म्हणून?"

"हैदराबाद कुठं जातंय? हाय तिथंच हाय ते." तो वळला. दोन रात्री झोप नसल्यासारखे डोळे लाल. "मंगळवारी कळलं तुला. गुरवारी सांगितलंस. मधी दोन दीस एकटीच भिऊन बसलीस, ताप काढलास, माझा फोन उचलला न्हाईस. त्याचा राग हाय."

"चूक माझी होती..."

"चुकीचं सोड. ती दोघांची. चाक फिरवाय मला कुनी हात बांधलं नव्हतं." तो एक पायरी वर आला. "शुक्रवारभर घरात बसून पुढं काय करायचं ते लिहीत होतो. लिहिताना धा वेळा फोन हातात घेतला. पर राग आला की मी लई मोठ्यानं बोलतोय, म्हटलं तू आनखी भिशील."

"मग नुसतं 'बरं' म्हणालास तवा काय कमी भ्यालो मी?"

"आता हितनं म्होरं," तो म्हणाला, आणि एरवी पलीकडं ऐकू जाणारा त्याचा आवाज तिच्यापुरताच आला, "कवाबी भ्या वाटलं, तर पहिला फोन मला करायचा. अण्णांना न्हाय, मॅडमला न्हाय. मला."

"कधीपण?"

"कवाबी."

"आत्ता वाटतंय," श्रुती म्हणाली.

"कशाचं?"

तिनं पर्समधून फोन काढला आणि नंबर लावला. त्याच्या खिशात रिंग वाजली. त्यानं फोनकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. मग शहाण्यासारखा पाठ फिरवून पावसाकडं तोंड करून उभा राहिला आणि फोन उचलला.

"बोला."

"मी श्रुती बोलतोय."

"व्हय, बोला की."

"मला..." पाठमोऱ्या माणसाशी बोलणं जरा सोपं असतं. "मला तू आवडतोस. जूनपासनं. तो रेणू बसायच्या आधीपासनं. आणि परवा तू निघून गेलास तवा मला वाटलं संपलं सगळं, आणि त्याचं जेवढं भ्या वाटलं ना... तेवढं आजवर कशाचंच वाटलं न्हाय."

फोनमधून नुसता पाऊस ऐकू आला. त्याची पाठ हलली नाही. मान खाली गेली होती, आणि कानाच्या पाळ्या लाल झालेल्या तिला वरून दिसत होत्या.

"प्रसेनजीत? ऐकलंस?"

"ऐकलं." मोठ्या आवाजाच्या त्या मुलाला शब्द जमवावे लागत होते. "थांब जरा. मला बी... मला बी भ्या वाटाय लागलंय."

"मग पहिला फोन कुणाला करायचा ठरलाय?"

तो वळला. फोन कापला. अंगठ्यानं दोनदा चुकीचं बटण दाबलं, तिसऱ्यांदा बरोबर दाबलं, आणि श्रुतीच्या हातातला फोन वाजायला लागला. ती दचकली नाही. तिनं तो दोन वेळा वाजू दिला, त्याच्या डोळ्यांत बघत, आणि मग कानाला लावला.

"बोला," ती म्हणाली.